तिसरं फडकं

डोंगर पोखरून बोगदा काढला, तो जेमतेम इंजिन मावेल एवढाच. त्यात चढ असा, की ओल्या रुळांवर चाकं जागच्या जागी फिरायची आणि धूर आतच कोंडायचा. इंजिनावरच्या माणसांनी श्वास कसा घ्यायचा, याचा विचार करायला तो खणणाऱ्या शहाण्यांना सवड झाली नसावी! मग बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या स्टेशनावर एक बाई नेमली. बादलीत फडकी भिजवायची, पिळायची आणि ड्रायव्हर-फायरमनच्या हातात द्यायची. त्यांनी ती नाकातोंडाला बांधायची आणि आत शिरायचं.

ही बाई म्हणजे साऱ्या लाइनीची मावशी. तोंडानं भलतीच फटकळ. "ए लंबू, नाक झाक! तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?" लंबू हसायचा, पण मुकाट्यानं बांधायचा.

तिचा नवरा फायरमन. त्याचा खोकला ऐकला की तिचा जीव वरखाली व्हायचा. "बदली मागा हो," म्हणून ती मागे लागायची आणि तो आज-उद्या करायचा. एका सकाळी तिचा तोल सुटला. फलाटावर, सगळ्यांदेखत ती ओरडली, "मग मरा त्या भोकात!" त्यानं तिच्या हातातलं फडकं घेतलंच नाही. पाठ फिरवून भट्टीत कोळसा टाकत राहिला.

त्या दिवशी इंजिन बोगद्याच्या मधल्या वळणावर अडलं. ड्रायव्हर बेशुद्ध पडला, पण वाचला. त्याच्या तोंडाला फडकं होतं. नवऱ्याला फलाटावर आणून ठेवलं. त्याचं फडकं बादलीच्या काठावर तसंच होतं, अजून ओलं.

तेव्हापासून मावशी दोनाऐवजी तीन फडकी भिजवायची. तिसरं कुणाला देत नसे. घरी नेऊन दोरीवर वाळत घालायची. तिचा लहानगा ते बघायचा, विचारायचा नाही.

पुढे डिझेल आलं, धूर गेला, मावशीचं काम गेलं. तरी ती बादली घेऊन उभी राहायचीच, आणि बाकीचे तिचं मन राखायला फडकं घ्यायचे. लहानगा मोठा होऊन ड्रायव्हर झाला. तो मात्र तिच्याकडून फडकं घ्यायचा नाही. "आई, आता धूर नसतो गं. लोक हसतात."

"हसू देत मेल्यांना," ती म्हणायची, पण तिला फार लागायचं.

मग डोंगराला वळसा घालून नवी लाइन झाली. जुन्या बोगद्याच्या तोंडाला भिंत घालणार असं कळलं, आणि त्या रात्री मावशी लेकासमोर पहिल्यांदा रडली. "माझ्यावर रागावून गेले रे ते. माझ्या हातचं फडकंसुद्धा न घेता गेले."

शेवटची गाडी त्याच्याकडेच होती. मावशी बादली घेऊन उभी. असिस्टंटनं रिवाजाप्रमाणे फडकं घेतलं. मग लेक खिडकीतून वाकला, त्यानंही घेतलं, नाकाला बांधलं. हात मात्र तसाच पुढे.

"आणखी काय रे?"

"तिसरं दे. मधल्या वळणावर गाडी हळू करतो. बाबांना देतो."

मावशीनं ते पुन्हा भिजवलं. पिळता पिळेना तिला. लेकाच्या हातात दिलं, पण टोक सोडवेना.

"आई, सिग्नल झालाय."

"सांग त्यांना," ती म्हणाली, "तोंडातून गेलं माझ्या. मनात नव्हतं."

मग तिनं टोक सोडलं आणि गाडी आत गेली.