गरम झाल्याशिवाय न दिसणारी गळती

हेमंत आज सकाळी गेला.
आणि मी त्याच्याशी जे एक खोटं बोललो होतो, ते आता कधीच दुरुस्त होणार नाही.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हेमंत इचलकरंजीचा. न्युरेम्बर्गला एका कंपनीत टेस्टिंग इंजिनिअर. मी तेव्हा तिथेच पीएचडी करत होतो. २००६-०७ च्या आसपासची गोष्ट.

त्याच्याकडे एक जुना डिझेल पिकअप होता. एका माळ्याकडून घेतलेला.
आमच्यातल्या कुणाचंही घर बदलायचं असलं की हेमंतला फोन. जर्मनीत लोक घर सोडताना अख्खं किचनसुद्धा उचलून नेतात. आम्हीही तेच शिकलो होतो.

एका शनिवारी माझा उमझुग होता, म्हणजे घर बदलायचं होतं. पिकअप मीच चालवत नेला.
तिसऱ्या फेरीला बघतो तर टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकलेला. थांबलो. इंजिन गार होऊ दिलं. कूलंटची टाकी जवळजवळ रिकामी. नळाचं पाणी भरलं, काटा खाली आला.

संध्याकाळी किल्ली त्याच्या लेटरबॉक्समध्ये टाकली.
सांगितलं नाही. थकलो होतो. सोमवारी सांगू म्हटलं.

रविवारी सकाळी त्याचा फोन.
"अव्या, आई सीरियस आहे. दादा म्हणतोय, लगेच निघ. फ्रँकफर्टहून दुपारची फ्लाइट मिळालीय."
तो रडत होता.
"आमच्या या खेड्यातून रविवारी स्टेशनला बस नाही रे. पिकअपनंच जातो. काल गाडी बरी होती ना?"

मी म्हणालो, "हो, एकदम."

का म्हणालो? त्याची आई जात होती आणि मी टाकीतल्या पाण्याचं काय काढू, असं वाटलं. शिवाय काल बोललो नव्हतो, त्याची लाजही होती.
"ट्रेननं जा, मी टॅक्सी पाठवतो." एवढं एक वाक्य पुरलं असतं.

वुर्झबर्गच्या पुढे आउटोबानला, तिथल्या हायवेला, चढ लागतो. तिथे इंजिन उकळलं.
मदतीची गाडी येईपर्यंत तो दोन तास कडेला उभा होता. फ्लाइट गेली. पुढची सीट दुसऱ्या दिवशीची.

आई त्याच संध्याकाळी गेल्या.
पहिल्या फ्लाइटनं पोचला असता तर दादा अंत्यसंस्कारासाठी त्याची वाट बघणार होता. आणखी एक दिवस थांबणं शक्य नव्हतं. हेमंत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर परत आला. दुसऱ्याच दिवशी दारात.
"चल. लीक शोधायचंय."

तीन शनिवार शोधलं.
रेडिएटर बघितला. होस पाइप, क्लॅम्प, वॉटर पंप, सगळं. खाली पुठ्ठा अंथरला, सकाळी कोरडा. टाकीला प्रेशर पंप लावला, प्रेशर जराही उतरेना. पाणी मात्र कमी होतंच होतं.
कूलंट जमिनीवर सांडायचं नाही म्हणून त्याच्या बायकोनं, वहिनींनी, जुनी परात दिली. "ही आता घरात आणू नका," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या शनिवारी वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मेकॅनिक, हेर वेबर, खाली आले.
"आल्झो, हे बघा," ते म्हणाले, "गार इंजिनात काय शोधताय? आधी तापवा."

हेमंतनं अर्धा तास गाडी पळवून आणली. वेबरनी इंजिनाच्या मागे टॉर्च मारला. हीटरकडे जाणारी रबरी नळी, क्लॅम्पच्या अगदी तोंडाशी चिरलेली. केसाएवढी भेग. गरम झाली की उघडायची, थेंब तापलेल्या लोखंडावर पडायचा आणि तिथेच उडून जायचा. मागे फक्त गुलाबी खरपुडी.
"गेनाऊ, हेच ते," म्हणाले, आणि हात पुसत वर गेले.

नवी नळी, नवा क्लॅम्प. हवा काढली, कूलंट भरलं. तासाभराचं काम.
काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

हेमंत फरशीवर बसला.
"एवढंच होतं?"
मग म्हणाला, "मी निघताना टाकी बघायला हवी होती रे. बॉनेट उघडायला एक मिनिट लागलं असतं. मी आंधळ्यासारखा निघालो."

तो क्षण होता.
मी त्याच्या शेजारी, हात काळे, पाना हातात.
मी म्हणालो, "सोड ना आता."

त्यानं नाही सोडलं.
दर वर्षी आईच्या तिथीला फोन करायचा. कामाचं, मुलीचं, हवेचं बोलायचा. शेवटी तेच, "मी टाकी बघायला हवी होती."
आणि दर वर्षी मी गप्प.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, ठरवून. आज सांगायचंच.
त्याची मुलगी त्याला सूप भरवत होती, हळूहळू, जर्मनमध्ये काहीतरी समजावत. तो म्हणाला, "बस ना अव्या. लांबून आलास."
मी दीड तास बसलो आणि उठलो.

आज वहिनींचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, "झोपेतसुद्धा तेच बोलायचे हो ते. टाकी, टाकी."
"वहिनी…"
"आता मला कशाला सांगताय?"
फोन ठेवला.

त्यांचं बरोबर आहे.

इथे लिहितोय ते माफीसाठी नाही. कृपया कमेंटमध्ये "तुझा दोष नव्हता" लिहू नका. त्याच्याबद्दल लिहा. त्यानं कुणाकुणाची घरं वाहिली ते लिहा. त्याची मुलगी वाचेल. मराठी तिला कळते.

शुक्रवारी अंत्यविधी आहे. मी जाणार आहे. वहिनी नको म्हणाल्या तर गेटबाहेर उभा राहीन.

हेमंत, श्रद्धांजली हा शब्द मला लिहवत नाही.
नीट जा, मित्रा.