आप्पांच्या कानाजवळचा स्पीकर

मी निपाणीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि राहतो बेळगावात, वडगावला. घर विणकराचं. मागच्या खोलीत साड्यांचे दोन यंत्रमाग आहेत, ते आप्पा चालवतात. आप्पा म्हणजे माझे वडील. लॉकडाऊन लागला तशी माझी बस थांबली आणि मागही थांबले. मुलांना प्रात्यक्षिकं घरूनच दाखवायची होती, म्हणून परवानगी काढून मी प्रयोगशाळेतली दोन उपकरणं घरी आणली. एक स्पीकरमधून बारीक-जाड हवा तसा सूर काढणारं आणि दुसरं आवाज मोजणारं. ती कॉम्प्युटरला जोडायला तळहाताएवढा इंटरफेस बोर्ड होता. उपकरणांच्या वायरी एका बाजूला खोचायच्या, दुसऱ्या बाजूची केबल घरच्या कॉम्प्युटरला लावायची, की आवाजाची रेषा पडद्यावर उमटते.

दोन दिवस काही उमटेना. आप्पांना तसंही काम नव्हतं. खुर्ची ओढून ते शेजारी बसले आणि म्हणाले, "ही काळी वायर ढिली हाय बघ." तुटलेला धागा हुडकण्यात जन्म गेलेला माणूस. वायर घट्ट केली आणि रेषा हलली.

मी सूर हळूहळू बारीक करत नेला, आवाजही वाढवला. रेषा पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. आवाज कानात सुई घातल्यासारखा झाला. स्वयंपाकघरातून आई दोन्ही कानांवर हात ठेवून आली. "बंद कर रं ते, कान फुटाय लागल्यात."

स्पीकर आप्पांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होता. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "रेघ वर गेली की. आता आवाज कवा येणार?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण आप्पा चेष्टा करणाऱ्यातले नव्हेत. मी सूर खाली आणत गेलो. पार जाड, घोगरा झाला तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. "हां, आला."

आवाज बंद करून मी उठलो, त्यांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आप्पा, चहा घेणार?" ते पडद्याकडंच बघत होते. परत म्हणालो. काही नाही.

"मला ठाव हाय," आई म्हणाली. "लई वर्सं झाली. मागाच्या खडखडाटात कुणालाच ऐकू येत न्हाय, सगळी ओठांवरनंच वळखत्यात. ह्यांचं घरातबी तसंच. तुला सांगू नको म्हणालते."

मुलांना ध्वनीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. कॉलेजातून फोन केला की आप्पा 'आईशी बोल' म्हणून तो तिच्याकडं द्यायचे, त्याला मी तुसडेपणा समजत होतो. मास्क आल्यापासून ते कुणाशी बोलेनात. म्हाताऱ्याला रोगाची धास्ती बसली, असं मीच शेजाऱ्यांना सांगितलं होतं. मास्कनं त्यांच्यापुढचे सगळे ओठ झाकून टाकले होते.

दवाखाने नीट सुरू झाल्यावर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाली, कानाचं मशीन लिहून दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही ह्याच घरात वाढलात ना? बसा तुम्हीपण."

मी हसतच तपासणीला बसलो. बाहेर आलेल्या कागदावर माझी रेषा सरळ चालली होती आणि बारीक सुरांपाशी एकदम खाली उतरली होती. म्हणजे ते सूर मलाही कमी ऐकू येत होते. माझं वय तेव्हा एकेचाळीस.

आप्पांनी तो कागद हातात घेतला आणि रेषेच्या उतारावर बोट फिरवलं. "मागाच्या खोलीजवळ झोपवायला नको हुतं तुला," ते म्हणाले.

हल्ली दुपारी माग बंद असले की ते कानाचं मशीन लावतात. माग चालू असताना आम्ही दोघंही कानात बोळे घालतो. आई म्हणते, आता हाक मारायची तरी कुणाला.