आम्ही कम्फर्टेबल आहोत म्हणे

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. नागपूरला मी सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, सात वर्षं आरसीसी डिझाइनचं काम केलं, स्लॅब टाकायच्या आधी साइटवर जाऊन सळया तपासल्या आणि ठेकेदारांशी तीन भाषांत भांडले. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करता येत नाही. मुलगी शाळेत गेली की घरात मी आणि डिशवॉशर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जा गं, चार माणसं तरी दिसतील." म्हणून गेले.

शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, हौसेने शिकवायच्या. त्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर पैसेवाल्या माणसाला इंग्रजीत काय काय म्हणतात ते लिहिलं. लोडेड. वेल-ऑफ. मेड ऑफ मनी. शेवटी कम्फर्टेबल. त्या शब्दाखाली दोन रेघा मारून म्हणाल्या, "आमच्याकडे स्वतःला कुणी रिच म्हणवत नाही. रिच नेहमी दुसरा कुणीतरी असतो. तुम्हाला कुणी विचारलं तर सांगायचं, वुई आर कम्फर्टेबल."

मग प्रत्येकीने एक वाक्य करायचं होतं. पहिल्या दोघींची वाक्यं 'माय हजबंड'पासूनच सुरू झाली. तिसरी कोलंबियाची, लोकांच्या घरांची सफाई करणारी. ती ताडकन म्हणाली, "आय ॲम नॉट लोडेड. बट आय पे माय रेंट!" सगळ्या हसल्या. नंतर माझा नंबर. 'आय ॲम'ने सुरू होणारं एकही खरं वाक्य मला सुचेना. शेवटी बाईंचंच वाक्य म्हटलं, "वुई आर कम्फर्टेबल."

"पर्फेक्ट!" बाई म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये कोलंबियाच्या बाईने मला गाठलं. आमच्या गाडीकडे बघून म्हणाली, "घराची सफाई करायला कुणी हवंय का?"

"नको, मीच करते," मी म्हटलं.

"हां, बरोबर. तू घरीच असतेस." तिच्या मनात काही नव्हतं. तिला पुढच्या घरी वेळेवर पोहोचायचं होतं. ती गेली आणि मी गाडीत बसून राहिले. लोकांची बाथरूम घासणाऱ्या बाईचा मला हेवा वाटत होता, आणि तो वाटतोय याची लाजही वाटत होती. घरी येऊन 'वेल-ऑफ'चा मराठी अर्थ शोधला. सुखवस्तू. आयुष्यभर वापरलेला साधा शब्द, पण त्या दिवशी मला त्यातली वस्तूच तेवढी दिसली.

त्याच आठवड्यात नागपूरहून भावाचा फोन आला. बाबांना आता जवळजवळ ऐकू येत नाही, डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलंय. मी लगेच म्हटलं, "मी घेते." पहिल्या पगारात मी घरी फ्रिज आणला होता. तेव्हा बाबा तो उघडून उघडून शेजाऱ्यांना दाखवायचे. म्हणजे मुलीने घेतलेलं त्यांना चालत नाही असं कधी नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता तो म्हणाला, "अगं घे ना, त्यात विचारायचं काय? कार्ड वापर." तो खरंच मोठ्या मनाचा आहे. त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. फोन कानाशी धरून ते ओरडले, "जावयाचे पैसे मी घेणार नाही!"

"बाबा, माझेच आहेत!" मीही ओरडले.

"तुला कुठं नोकरी आहे?"

स्वतःचं हे वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं असावं, कारण त्यांनी विषयच बदलला. मग म्हणाले, "तू जेवलीस का?" स्क्रीनवर त्यांचा फक्त कान दिसत होता. मशीन शेवटी भावाने घेतलं.

पुढच्या शनिवारी नवऱ्याच्या मित्राकडे जेवायला गेलो. मित्राची आई पुण्याहून आली होती. जेवताना सगळ्यांचं घरांच्या किमतींवरून सुरू झालं. कोण किती मोठं घर घेतंय, कुणाचं कसं छान चाललंय. माझ्या नवऱ्याला विचारल्यावर तो हसून म्हणाला, "नाही रे, आपलं काही तसं नाही. वुई आर कम्फर्टेबल, बस." अगदी बाईंनी शिकवल्यासारखं. त्याला तर कुणी शिकवलंही नव्हतं.

पुण्याच्या काकू माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढत म्हणाल्या, "तुला काय कमी आहे गं? राणीसारखी राहतेस." मी पुरी खाल्ली. तिथे दुसरं काय करणार?

परत येताना हायवेवर मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, आर वुई रिच?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "नो बेटा, वुई आर कम्फर्टेबल."

"तू आहेस," मी म्हटलं. "मी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कम्फर्टेबल तू आहेस. मी तुझ्या कम्फर्टेबलमध्ये राहते."

"मी कधी तुला नाही म्हटलंय का? कशालाही?"

"नाही म्हटलं नाहीस. पण हो म्हणणारा तूच आहेस ना?"

त्याने रेडिओ लावला. मुलीने खिडकीकडे तोंड फिरवलं, त्याचं मला वाईट वाटलं. घरी गाडी लावल्यावर तो हळूच म्हणाला, "मी काय करू, सांग. व्हिसाचे नियम मी केलेत का?"

"नियम तू नाही केलेस. पण नोकरी बदलल्यावर ही नवीन कंपनी ग्रीन कार्डाची फाइल कधी सुरू करणार, हे विचारायचं वर्षभर टाळतोयस. ते नियमात बसतं का?"

नवीन नोकरीत लगेच विचारणं बरं दिसत नाही, मॅनेजरला काय वाटेल, असं काहीसं तो पुटपुटला. फाइल पुढे सरकल्याशिवाय मला कामाची परवानगी मागता येत नाही, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. तो वाट बघत होता आणि माझ्या नावापुढची वर्षं रिकामी पडत होती.

मंगळवारी वर्गात बाईंनी त्याच पैशाच्या शब्दांवर लेखी वाक्यं मागितली. मी इंग्रजीत लिहिलं: नागपूरला मी वेल-ऑफ होते, तेव्हा माझ्याकडे स्कूटर होती आणि भाड्याची एक खोली होती.

बाईंनी वाचलं, पेन्सिलीने वेल-ऑफवर रेघ मारली आणि शेजारी 'गेटिंग बाय' लिहिलं. म्हणजे कसंबसं भागत होतं. "स्कूटर आणि एक खोली म्हणजे वेल-ऑफ नाही, डिअर," त्या प्रेमाने म्हणाल्या. "वेल-ऑफ म्हणजे भरपूर पैसा असणं. तू आता वेल-ऑफ आहेस."

"आता माझ्याकडे काही नाही."

"पण तुमच्याकडे आहे ना?"

"नवऱ्याकडे आहे."

त्या थबकल्या. बहुतेक त्यांना वाटलं की घरात काही बरं नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "इज एव्हरीथिंग ओके ॲट होम?" मला हसू आलं आणि रागही आला. घरी सगळं ठीक आहे, नवरा चांगला आहे, हेच मी पुढची दहा मिनिटं त्यांना पटवत बसले. मूळ मुद्दा राहूनच गेला. तेवढ्यात पुढच्या ग्रुपची मंडळी दारात आली आणि बाईंना फळा पुसावा लागला. 'गेटिंग बाय' लिहिलेला कागद मी घरी आणून फाडला.

दोन दिवसांनी नवऱ्याने आपणहून एचआरला फाइलबद्दल विचारलं. उत्तर आलं की वर्षाच्या शेवटी परफॉर्मन्स रिव्ह्यू झाल्यावर बघू. त्याने ईमेल मला दाखवला. त्याचा चेहरा इतका पडला होता की मलाच त्याला म्हणावं लागलं, "ठीक आहे, विचारलंस तरी." ठीक काहीच नव्हतं.

इथे इंजिनिअर म्हणून लायसन्स मिळवायची पहिली परीक्षा मात्र कामाची परवानगी नसतानाही देता येते, हे मला एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. मंगळवारचा वर्ग मी सोडला. आता मुलगी शाळेत गेली की त्याच लायब्ररीत वरच्या मजल्यावर बसते आणि बीमची गणितं पुन्हा करते. पाउंड आणि इंचात करावी लागतात, म्हणून उत्तरं चुकतात, चिडचिड होते. परीक्षेची फी ऑनलाइन भरायची होती. कार्डावरचं नाव विचारलं तेव्हा नवऱ्याचं नाव टाइप केलं, कारण दुसरं कार्डच नाही. पावती त्याच्या ईमेलवर गेली. त्याने ती मला फॉरवर्ड केली, वर 'ऑल द बेस्ट' लिहून.