आयव्हीचं पान बदलेपर्यंत

मांडवीच्या करंदीकर बाईंकडे मी प्रथम गेलो तो शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान ताब्यात घ्यायला. विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी मी लागलो होतो. त्यांच्या मागील दारी, विहिरीजवळच्या सावलीत, एका कुंडीत चकचकीत पानांचं झुडूप होतं. "ही आयव्ही," बाई म्हणाल्या. आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी वेल, एवढं मला ठाऊक होतं. म्हणालो, "मग हिला आधार द्यायला हवा."

"देऊन पाहिला. घेत नाही."

का, ते मी विचारलं नाही. नवा विज्ञानशिक्षक; लाज वाटली.

शाळेच्या कपाटात बाईंच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या सापडल्या. चुकलेलं उत्तर कुठेही पुसलेलं नव्हतं. त्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा या वह्यांना गलिच्छ म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मुलं कुठे अडली ते यात दिसतं. स्वच्छ वहीत काय बघू?" ही पद्धत मी पुढे चालू ठेवली. स्वतःच्या बाबतीत ती पाळणं किती जड जातं, ते पुष्कळ उशिरा कळलं.

माझ्या आईच्या दुखण्यात बाई रोज दुपारी तिच्यापाशी येऊन बसत, म्हणून माझा एकही तास बुडाला नाही. त्या बदल्यात बाईंनी माझ्याकडे काही मागितलं ते एकदाच. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या मुंबईला भाच्याकडे गेल्या, तेव्हा म्हणाल्या, "आयव्ही पावसात टिकेल न टिकेल. आधी चार छाटा लावून ठेवा." ते झुडूप त्यांच्या थोरल्या बहिणीच्या महाबळेश्वरच्या बागेतलं. बहीण गेली, बागही गेली. आमच्या हवेत तेवढं एकच जगलं होतं.

मी लांज्याकडचा. आमच्याकडे पोफळींवर मिरी चढवतात आणि छाट घेतात ती जमिनीलगत धावणाऱ्या फुटीची. आडव्या फांद्या टाकून देतात. झुडपाच्या बुंध्याशी तशीच एक धावती फूट मला दिसली. तिच्या चार छाटा लावल्या. वरच्या दोन-तीन फांद्याही कापून पाहिल्या होत्या, त्या खतखड्ड्यात टाकल्या.

चारही जगल्या. श्रावणात मूळ झुडूप कुजून गेलं, तरी मी निर्धास्त होतो. मग नव्या पानांना टोकं फुटली आणि वेली कुंडीबाहेर सरपटू लागल्या. झुडपाचं पान तर बिनटोकाचं होतं. बाईंना सांगायला डायरीत मी वाक्य तयार करून ठेवलं: 'पावसाने झाड गेलं, कलमं अशी निघाली.' यात खोटं काहीच नव्हतं.

जाड भिंगांचा चष्मा लावून बाई परतल्या. त्यांनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. "छाट कुठून घेतलीत?"

माझं वाक्य तयार होतं. पण बोललो ते, "बुंध्याच्या धावत्या फुटीची."

"आणि वरच्या फांद्या?"

"खतखड्ड्यात."

बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मग त्यांना हसू आलं. "साळवी, मिरीला अगदी बरोबर केलं असतंत हो."

तेव्हा त्यांनी समजावलं. ही वेल तरुणपणी चढते; थोराड झाली की चढणं सोडते, पानांची टोकं जातात, फुलं येतात. त्या थोराड फांदीची छाट लावली तर झुडूप होतं. बुंध्याशी फुटलेली चढती फूट मात्र पुन्हा वेलच देते.

"मग आता?"

"आता ही चढवायची आणि थोराड व्हायची वाट बघायची. दहा-बारा वर्षं. कामाला लावलंत मला."

एक वेल त्यांनी मागच्या जांभ्याच्या भिंतीशी लावली आणि शेजारी पाटी रोवली: 'चूक साळवींची. सांगायचं राहिलं माझं.' पुढच्या वर्षी माझ्याकडून मिरीच्या आडव्या फांदीची छाट मागवून घेतली. तिचं कुंडीत झुडूप झालं. यंदा त्याला मिरी धरली आहे, आणि बाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

बाईंना या वर्षी पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. दर रविवारी मी शिडी लावून भिंतीवर चढतो. बाई खालून विचारतात, "काय हो, पान बदललं?"

"नाही बाई. टोकं आहेत अजून."

"बरं झालं. वेळ आहे म्हणायचा."

ते पान बदलेल त्या दिवशी चाकू बाईंच्याच हातात असावा, हात असाच स्थिर असावा आणि नव्या झुडपाला आलेली फुलं त्यांनी स्वतः मोजावीत. पानाने मात्र मुळीच घाई करू नये.