मागची अनवाणी पावलं

मी निघाले तेव्हा गल्लीतले सगळे उंबऱ्यापाशी उभे होते, पण हाक कुणीच मारली नाही. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे तंजावुरातली आमची मराठी घरं तमिळ शेजाऱ्यांइतकंच पाळतात. मीही वळून पाहिलं नाही. ते तर माझ्या वडिलांनी, अप्पांनीच शिकवलेलं, बास्केटबॉलच्या निमित्तानं.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांनी भिंतीला रिंग ठोकली होती. ऑफिसातून आले की कमरेची वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणीच मला अडवायला उभे राहायचे. "खांदा खालीं घाल. पहिलं पाऊल लांब टाक. पुढं गेलीस की मागं पाहूं नको, रिंगकडं बघ." मी त्यांना चुकवून आत घुसायची आणि त्यांची पावलं थपथप करत पाठी यायची. त्यांनी मला कधीच गाठलं नाही. मुद्दाम, हे फार उशिरा कळलं.

आता टोरोंटोत दर रविवारी सकाळी जिममध्ये खेळते. सगळ्यांच्या पायांत बूट, लाकडी कोर्टवर नुसती चुईचुई. या हिवाळ्यात एकदा डिफेंडरला मागं टाकून रिंगकडं घुसले आणि पाठीमागं अनवाणी पावलं ऐकू आली. थपथप. अंगावर सर्रकन काटा आला, रिंगपाशी टाकलेला लेअप चुकला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अप्पा तर आता भिंत धरल्याशिवाय उठतही नाहीत. मनात नको ते आलं. घरी येताच फोन लावला.

अम्मानं उचलला. "अप्पा बरे आहेत ग. पण रविवारीं दिवेलागणीला गल्लीत चेंडू आपटतो. बाहेर बघितलं तर कोण नाही. दार लावूं देत नाहीत हे. पोरगी खेळतेय म्हणतात."

मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवला आणि दिवसाढवळ्या घरातले सगळे दिवे लावले.

परवाच्या रविवारी बर्फामुळं जिम बंद होतं. सांबाराला फोडणी देत होते, तेवढ्यात फोन वाजला. अप्पा! मी निघाल्यापासून त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. तीही मागून मारलेली हाकच, असं म्हणायचे.

"कां ग, आज आली नाहीस? दार उघडं ठेवून बसलोय."

तुम्ही मागं राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, हसायचं तर हसा. घर सोडलं, असं मी आता कुणाला सांगत नाही. गॅस बंद केला आणि म्हटलं, "दार लावू नका अप्पा. पुढच्या रविवारी येते."