गिरिजाने झाकलेली खूण

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या आमच्या इमारतीत, एकाच मजल्यावर माझं आणि गिरिजाचं दार समोरासमोर आहे. आठ वर्षं मी तिला रोज पाहतेय, पण ती एका जागी दहा मिनिटं टेकलेली मला आठवत नाही. चहा उभ्याने पिते. फोनवर बोलताना गॅलरीपासून किचनपर्यंत फेऱ्या घालते. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, तिथूनही तासातासाला घरी फोन असतो. मी तिला भिंगरी म्हणते. ती हसते आणि भिरभिरत राहते.

याला कारण तिची मुलगी अनुष्का. वय दहा, दिसते आठची. काटकुळी आणि महाबडबडी. ही पोर सातव्या महिन्यातच जन्मली, वजन जेमतेम एक किलो. काचेच्या पेटीत असताना चौदाव्या दिवशी तिचं पोट टम्म फुगलं. आतड्याचा एक भाग सडत चालला होता. डॉक्टरांनी तो कापून काढला. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांना हा आजार होतो आणि त्यात आईचा काडीचाही दोष नसतो, पण हे गिरिजाला पटायला बरीच वर्षं लागली. काही आठवडे बाळाची शी पोटावर लावलेल्या पिशवीत जमा व्हायची. मग आतडं पुन्हा जोडलं, बाळ घरी आलं आणि सगळे म्हणाले, सुटलो एकदाचे.

कसले सुटले! उरलेलं आतडं आखूड, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. शाळेत भर तासाला पोटावर हात धरून संडासकडे धाव. लहान आतड्याचा जो शेवटचा भाग काढला, त्यातूनच बी-ट्वेल्व्ह शरीरात जातं, म्हणून दर महिन्याला इंजेक्शन, तेही बहुधा जन्मभर. शिवाय डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की जुन्या ऑपरेशनमुळे आतडी आत एकमेकांना चिकटतात आणि कधीही वाट तुंबू शकते किंवा पीळ पडू शकतो. पोट फुगलं आणि हिरवी उलटी झाली तर घरगुती उपचार करत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

हे जवळच्या चार माणसांना सांगून ठेवायला हवं की नको? पण नाही. गिरिजाचं सासर चौकचं, उत्तनजवळच्या कोळी वस्तीतलं. ऑपरेशन झालं त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, की मुलीची जात आहे, पोट फाडलेलं कळलं तर उद्या हिला कोणी करून घेणार नाही. गावात हर्निया म्हणून सांगितलं गेलं. सासूबाई गेल्या, पण त्यांचा शब्द घरात राहिला. गिरिजाचा नवरा उत्तम आईचा शब्द न मोडणारा. गिरिजाने तर त्याच्यावरही वरताण केली. पोटावरची आडवी खूण कोणाला दिसू नये म्हणून पोरीला स्विमिंगला घातलं नाही, आखूड टॉप आणला नाही. खुद्द अनुष्कालाही सांगितलं की लहानपणी तू पडलीस, टाके पडले. इंजेक्शन ताकदीचं.

मला कळलं ते माझ्या आगाऊपणामुळे. एकदा घाईत तिने हॉस्पिटलची फाइल माझ्याकडे ठेवली आणि मी ती उघडून वाचली. वर तिला सुनावलं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

यंदा मे महिन्यात उत्तमच्या बहिणीच्या, शालूच्या मुलाची हळद होती. शनिवार असूनही गिरिजाला ॲडमिशनच्या कामाला जावं लागलं. बापलेक सकाळीच चौकला गेले, ही संध्याकाळी जाणार होती. आईशिवाय अनुष्का प्रथमच कुठे गेली होती. गिरिजा बारालाच घरी परतली आणि माझ्या घरात फोन हातात घेऊन फिरू लागली. उत्तम उचलत नव्हता, शालू उचलत नव्हती. मी म्हटलं, हळदीत बेंजोचा ताफा वाजत असतो, कोणाला ऐकू जाणार? ती हो म्हणाली आणि पुन्हा नंबर लावला.

एकच्या सुमाराला शालूची मुलगी हेमालीने एकदाचा फोन घेतला. मागच्या गोंगाटातून ती ओरडून सांगत होती, की अनुष्काच्या पोटात खूप दुखतंय, बेंबी सरकलीय, मम्मी तेल घेऊन चोळायला बसलीय. उत्तममामा बर्फ आणायला गेलाय, त्याचा फोन इथेच राहिलाय. गिरिजा "नको, चोळू नको" म्हणेपर्यंत फोन कट झाला.

सरकलेली बेंबी जागेवर आणणारा हात म्हणून शालूचं नाव आख्ख्या गावात आहे. लोक आपल्या पोरांना तिच्याकडे घेऊन येतात, ती तेल लावून पोट दाबून दाबून चोळते. पण या पोटाला तो हात लागणं म्हणजे काय, ते मला फाइल वाचल्यामुळे समजत होतं. शालूला कसं समजणार? तिच्या लेखी तो लहानपणीचा हर्निया होता.

आम्ही चपला कशाबशा अडकवून खाली धावलो. पहिला रिक्षावाला इतक्या लांब यायला तयार नव्हता. गिरिजा त्याला सोडून दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, बच्ची का सवाल है." पूल ओलांडून पश्चिमेला यायलाच अर्धा तास गेला. ती सीटच्या कडेवर बसून सारखा फोन लावत होती, मध्येच माझा दंड आवळत होती. एकदा म्हणाली, "काकू, मी सांगायला हवं होतं." माझ्या ओठांवर आलं होतं की तेच तर मी सांगत होते. गिळलं.

चौकला पोहोचलो तर बेंजो बंद. मांडवात हळदीने माखलेली माणसं चिडीचूप. उत्तमचे म्हातारे काका बाबाजी पुढे आले. "शालूनं पोरीला टेम्पोत घातली नि भाईंदरला नेली. उत्तम मागनं गेला," ते म्हणाले. म्हणजे रस्त्यात कुठेतरी आम्ही त्यांच्या बाजूनेच गेलो होतो. त्याच रिक्षाने उलटे फिरलो.

हॉस्पिटलच्या दारात शालू उभी होती. स्वतःच्या मुलाची हळद टाकून आलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. गिरिजाने विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

"मी तेलाचा हात टेकवनार तवर पोरीनं माझं मनगट धरलं. म्हनते, आत्या, चोळू नको. माझं आतडं कापलेलं हाय, हिरवी उलटी झाली, मला डॉक्टरकडे ने. फ्रॉक वर करून पोटावरची खून दावली." तिने पिवळे हात पुढे धरले. "भावाची पोर हाय ती माझी. धा वर्सं मला न्हाय सांगितलंस. माझ्या हातानं काय झालं असतं, गिरिजा?"

गिरिजा तिचा पिवळा हात धरून तिला आत घेऊन गेली. आत डॉक्टर मागची माहिती विचारत होते. अशा वेळी ती एरवी दार लावून घ्यायची, आवाज खाली आणायची. त्या दिवशी शालू, उत्तम आणि मी तिथेच असताना तिने पेटीतल्या चौदाव्या दिवसापासून सगळं खणखणीत आवाजात सांगितलं.

आतडं चिकटून वाट बंद झाली होती, पण पीळ पडला नव्हता. अनुष्काच्या नाकातून नळी घातली, हाताला सलाइन लावलं, खाणंपिणं बंद. दोन दिवसांत आतडं मोकळं झालं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन दिवस गिरिजाने कॉरिडॉरच्या फरशा झिजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीच्या पोटातला वारा सरला. मुलाच्या लग्नासाठी चौकला परतलेल्या शालूने ती बातमी फोनवर ऐकून मांडवात सांगितली आणि म्हणे तिथे टाळ्या पडल्या. लग्न लागताच ती नव्या साडीतच पुन्हा हॉस्पिटलात आली.

नळी काढल्यावर अनुष्काची टकळी सुरू झाली. गिरिजाने हळूच विचारलं, की तुला हे सगळं कोणी सांगितलं?

"तूच. डॉक्टरांशी फोनवर बोलताना बेडरूमचं दार लावतेस, पण बाहेर सगळं ऐकू येतं." मग तिने विचारलं, "आई, लपवलंस का?"

गिरिजाने शालूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी थाप मारणार. पण ती खरं बोलली.

"भीती वाटली गं. कळलं तर लोक तुला नको म्हणतील, असं वाटलं."

अनुष्काने कपाळाला आठ्या घालून विचार केला.

"पण आत्याला कळलं," ती म्हणाली, "तर ती मला उचलून घेऊन पळाली."