आठ पंचफुलाबाई

पंचफुलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला कोरस ऐकवत होतो. त्या कोरसमध्ये आठ बायका होत्या, आणि आठही पंचफुलाबाईच होत्या. फोनवर त्यांची मुलगी, प्रज्ञा. "भाऊ, आई गेली सकाळी," म्हणाली. अशा वेळी जे बोलतात ते मी बोललो. रडेल असं वाटलं होतं, पण ती पोरगी सरळ कामाचंच बोलली. "पुण्यानुमोदनाले आईचा आवाज लावाचा आहे. एकटीचा पायजे. तुमचा तो आठ बायांचा नाई, माह्या आईचा." मी म्हटलं, देतो ना, त्यात काय एवढं! म्हटलं खरं... पण इतकी वर्षं माझ्या स्टुडिओत गायलेल्या बाईचा एकटीचा आवाज माझ्याकडे आहे की नाही, हे त्या घडीला मला ठाऊक नव्हतं.

ब्रह्मपुरीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना गाद्या ठोकलेल्या दोन खोल्या आणि मधे काच. भीमगीतं, लग्नाची गाणी, झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, सगळं इथे होतं. मी तोंडाचा फटकळ, भल्याभल्या गायकांना रडवलेलं आहे, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. पंचफुलाबाई नागभीडकडच्या एका खेड्यातून यायच्या, चौघी मिळून, काळीपिवळीत कोंबून. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलाच्या बांधीत उतरून गाणाऱ्या त्याच चौघी. मुख्य गाणाऱ्याच्या मागून ओळ उचलायची आणि सूर धरून ठेवायचा, याला झील म्हणतात. ती या बायांनी धरली की मुख्य गाणारा बेसूर असला तरी तरून जायचा. एकाच माइकसमोर चौघी दाटीवाटीनं उभ्या राहायच्या, पंचफुलाबाई एका कडेला आणि त्यांना अगदी चिकटून शोभाबाई. "दूर सरका ना जराशा!" मी ओरडायचो. "दूर सरलो तं गानं होते का भाऊ!" म्हणून खिदळायच्या. चौघींत मिळून एकच गळा आहे तुमच्याजवळ, असं मी म्हणायचो. टोमणाच असायचा तो. त्यांना मात्र ती शाबासकी वाटायची आणि त्या खूश होऊन चहा मागायच्या.

मग ते सॉफ्टवेअर आलं. एक आवाज द्यायचा, ते त्याचे आठ करतं. एक वरच्या सुरात, एक खालच्या, एक किंचित मागे, एक जरा जाड... डोळे मिटले की मागे बायांचा ताफा उभा. मी हरखून गेलो. आता चौघी कशाला पाहिजेत? पंचफुलाबाईंचा गळा सगळ्यांत स्वच्छ, म्हणून त्यांना एकटीला बोलावलं, आणि बाकी तिघींना तसं कळवायचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलं. "मी कसी सांगू भाऊ?" म्हणाल्या. "तोंडानं सांगा," मी म्हटलं. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, गावात बोभाटा झाला की पंचफुलानं तिघींचा पत्ता कापला. शोभाबाईंनी बोलणं टाकलं. विहारात वंदनेला बसताना दोघींच्या मधे माणूसभर जागा सुटायला लागली. हे मला पंचफुलाबाईंनीच सांगितलं आणि वर विचारलं, "एक खेप तुमी बोलान का तिच्याशी? तुमचं आयकंल ते." हो म्हणालो आणि विसरलो. विसरलो कसला! मला कुठे गरज होती?

पहिल्यांदा त्यांच्या कानाला हेडफोन लावून मी आठ आवाज ऐकवले, तेव्हा बाई दचकल्या. "माय वं! ह्या कोन होत?"

"तुमीच."

"शोभी नाई का याच्यात?"

"कोनीच नाई. निस्त्या तुमी."

मला वाटलं खूश होतील. त्या काचेपलीकडच्या रिकाम्या माइककडे बघत राहिल्या. एकट्या गायला लागल्यापासून त्यांचं गाणं फसायला लागलं. लांब सूर धरायला सांगितला की मधेच सोडायच्या, दोन मात्रा गप्प, मग पुन्हा धरायच्या. सूर पक्का, ताल पक्का आणि मधे हा खड्डा. मी ते खड्डे बुजवत बसायचो, पुढचा तुकडा ओढून मागच्याला जोडायचो. काम दुप्पट व्हायचं आणि माझी सटकायची. काचेच्या अलीकडून माइकवर मी त्यांना काय काय बोललो... "बाई, घरी लेकीले हाका मारता तं पुरते का दम?" हे त्यातलं सौम्य. शेवटी एका दुपारी सांगून टाकलं, तुमचा दम गेला, वय झालं, आता येऊ नोका. हेडफोन हातात घेऊन त्या उभ्या होत्या. "दम हाय भाऊ," एवढंच म्हणाल्या. मी पाठ फिरवली होती. त्यांचे सगळे सूर नुसत्या 'आ'कारात माझ्याकडे साठवलेले होते, मला तेवढे पुरत होते. पुढे कित्येक गाण्यांत त्या आठ-आठ जणी होऊन गायल्या आणि स्वतः गावात धान लावत राहिल्या. एकदा बसस्टँडवर भेटल्या. "जयंतीच्या मंडपात माहाच आवाज येऊन राह्यला होता भाऊ, अन् ते गानं तं मी गायलीच नाई." मी हसून म्हटलं, बसल्या जागी नाव होऊन राह्यलं, वाईट काय? नाव म्हणे! एकाही गाण्याखाली मी त्यांचं नाव टाकलेलं नाही.

तर प्रज्ञासाठी आवाज शोधायला बसलो. जे होतं ते सगळं सरळ केलेलं, बुजवलेलं, आठपदरी. कच्चं रेकॉर्डिंग जागा खातं म्हणून मी पुसून टाकायचो. एकच फाईल चुकून राहिली होती, त्या शेवटच्या दुपारची, आणि तीत माझाही आवाज होता. ऐकली आणि कान लाल झाले. प्रज्ञाला म्हटलं, एक दिवस दे, माझं बोलणं काढून स्वच्छ करून देतो. "काढू नोका," ती म्हणाली. "आई कोनाशी बोलून राह्यली ते लोकाईले समजू द्या." मी गयावया केली. हो, केली. "आईच्या आवाजातलं काढाचं तेवढं तुमी काढलं भाऊ. आता राहू द्या." दिली फाईल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढे मंडप होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं बोलले. मला मानानं पुढे खुर्ची दिली होती. खाली सतरंजीवर, एका कडेला शोभाबाई आणि त्या दोघी. प्रज्ञानं मोबाईल स्पीकरला जोडला, आणि पंचफुलाबाई एकट्या गायला लागल्या. सूर लागला, लांबला आणि सुटला. दोन मात्रा काही नाही. माझी मान खाली गेली. पुन्हा सूर लागला, पुन्हा सुटला... पण या वेळी तो तुटला नाही. सतरंजीवरून कुणीतरी तो अलगद धरला होता. शोभाबाई! डोळे मिटलेले, पदर तोंडाशी. दोन मात्रा त्यांनी धरला, आणि त्यांनी सोडला तिथूनच पंचफुलाबाईंनी स्पीकरमधून उचलला. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. एकीनं श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीनं धरून ठेवायचं, असंच त्या जन्मभर गायल्या होत्या. म्हणून चौघींचा सूर कधी तुटत नव्हता. माझ्या त्या बंद खोलीत बाई आपल्या वाट्याचा श्वास घ्यायला थांबत होत्या, शोभी धरेल म्हणून, आणि मी दम मोजत होतो. दम होता हो त्यांच्यात. तिसऱ्या वेळी तिघींनी मिळून धरला.

आणि मग स्पीकरमधून माझा आवाज आला, खणखणीत. "बंद करा, बंद करा! मधात थांबता काऊन सारख्या? बाजूले कोनी उभं आहे का तुमच्या?"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. मला उठून जाताही येईना. स्पीकरमध्ये थोडी खरखर झाली, आणि पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "नाई भाऊ... कोनीच नाई."

तेव्हा शोभाबाईंनी हंबरडा फोडला.